कातळावरचा अनोळखी बेडूक: नवीन प्रजाती आहे हे ठरतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. दोडामार्ग तालुक्यातल्या एका शिक्षिकेला जूनच्या अखेरीस घरामागच्या चिरेबंदी विहिरीपाशी एक तपकिरी बेडूक दिसला. लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा. त्यांनी तीन फोटो आणि अकरा सेकंदांचा व्हिडिओ काढला. मोबाइलमधल्या ॲपनं त्याला 'इंडिराना बेडोमी' असं नाव दिलं, पण पुस्तकातल्या चित्राशी बेडूक काही जुळेना. त्या विचारतात: हा नवीन आहे का? असेल तर कुणाला कळवायचं? आणि नवीन निघालाच, तर त्याला आमच्या गावाचं नाव देता येईल का?

बाई, सरळ उत्तर आधी देतो. फोटोंवरून तो नवीन आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. पण तुमच्या पत्रात शेवटी सहज आलेली एक ओळ तिन्ही फोटोंपेक्षा मोलाची आहे. तुम्ही लिहिलंय, की विहिरीच्या पाझरत्या भिंतीवर काळपट, लांब शेपटीची पिल्लं चिकटून होती आणि बोट जवळ नेलं की टुणकन उडत होती. बेडकाची पिल्लं, म्हणजे टॅडपोल, पाण्यात पोहतात असंच आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. ओल्या कातळावर पाण्याच्या जेमतेम पापुद्र्यात राहायचं, मागचे पाय लवकर फुटायचे आणि शेपूट असतानाच त्या पायांनी उड्या मारायच्या, ही आपल्या सह्याद्रीत इंडिरानाच्या पिल्लांची रीत. म्हणजे जीनस (जवळच्या नात्यातल्या प्रजातींचा गट) इंडिराना, इथपर्यंत आपण फोटो न बघताच पोचलो.

(शब्दांबद्दल एक खुलासा करून ठेवतो, कारण तुम्ही वर्गात शिकवता. शालेय पुस्तकांत जीनसला 'प्रजाती' आणि स्पीशीजला 'जाती' म्हणतात. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात मात्र स्पीशीज म्हणजे 'प्रजाती' हेच रुळलंय. मी इथे बोलण्यातलाच अर्थ घेतो आणि जीनसला जीनसच म्हणतो.)

आता ॲप 'बेडोमी' का म्हणालं ते बघू, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. हे नाव १८७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्युंथर यांनी दिलं. त्यांच्यापुढे जे नमुने होते ते दक्षिणेकडच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले होते आणि त्यातल्या काहींवर ठिकाण म्हणून नुसतं 'मलबार' लिहिलेलं होतं. पुढे शंभराहून जास्त वर्षं घाटातल्या कुठल्याही ओल्या खडकावरच्या, उंच उडी मारणाऱ्या तपकिरी बेडकाला बेडोमी म्हणायची सवय पडली. महाराष्ट्रातल्या याद्यांमध्येही हेच नाव उतरत गेलं. ॲपला शिकवण्यासाठी वापरलेल्या फोटोंवर माणसांनी हीच नावं लिहिलेली असतात, त्यामुळे ॲपची चूक म्हणजे आपलीच जुनी चूक.

२०१४ मध्ये पाध्ये, मोडक आणि डहाणूकर यांनी आंबोलीच्या इंडिरानाचा नीट अभ्यास करून 'इंडिराना चिरावासी' ही वेगळी प्रजाती मांडली. हे नाव उच्चारलं की कोकणातल्या माणसाला जांभ्याचा चिरा आठवल्याशिवाय राहत नाही, आणि हा बेडूक खरोखरच जांभ्याच्या फटींत सापडतो. पुढच्याच वर्षी गोव्यातल्या नेत्रावळी भागातून 'इंडिराना सालेलकरी' आली. नकाशा समोर घ्या. उत्तरेला आंबोली, दक्षिणेला नेत्रावळी, आणि तुमची विहीर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. म्हणून तुमच्या प्रश्नाचा खरा आकार असा होतो: हा चिरावासी आहे, सालेलकरी आहे, की दोघांपेक्षा वेगळा तिसराच कुणी? मला विचाराल तर पैज मी चिरावासीवर लावीन. पण पैज लावून प्रजाती ठरत नाही.

तीस वर्षं हे काम केल्यावर मला एवढं कळलंय, की नव्या प्रजातीचं बहुतेक काम जुन्या प्रजातींवर होतं. बेडूक समोर येतो त्याला एक क्षण लागतो. तो आधीच नाव दिलेल्यांपैकी कुणीही नाही, हे दाखवायला वर्षं लागतात. त्यासाठी प्रत्येक जुनं नाव नेमकं कोणत्या बेडकाचं आहे हे आधी पक्कं करावं लागतं, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

नाव पक्कं करायचं म्हणजे काय? प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक खुंटी असते. ज्या एका नमुन्यावर ते नाव बांधलेलं असतं त्याला होलोटाइप म्हणतात, आणि तो जिथून आला ती जागा म्हणजे टाइप लोकॅलिटी. उदाहरण घरचंच घेऊ. 'इंडिराना लिथी' हे नाव बुलेंजर यांनी १८८८ मध्ये दिलं आणि त्याची टाइप लोकॅलिटी आहे माथेरान. म्हणजे महाराष्ट्रातला कुठलाही इंडिराना 'लिथी आहे' किंवा 'लिथी नाही' असं म्हणायचं, तर भर पावसात माथेरानला जाऊन तिथला बेडूक हातात घेऊन बघितला पाहिजे, त्याचा आवाज ऐकला पाहिजे, त्याचा डीएनए घेतला पाहिजे. मी माझ्या विद्यार्थ्यांना नव्या जंगलात आधी पाठवत नाही, जुन्या जागांवर पाठवतो. त्यांची सुरुवातीला निराशा होते. पहिल्याच पावसाळ्यात काहीतरी नवं हाती लागेल या आशेनं आलेल्या मुलाला माथेरानच्या गर्दीत, घोड्यांच्या लिदीच्या वासात, शंभर वर्षांपूर्वीच नाव दिलेला बेडूक शोधायला लावलं की त्याचा चेहरा पडतो. पण हा पाया घातल्याशिवाय पुढची प्रत्येक वीट वाकडी बसते.

ठिकाणांची नावंही फसवतात. 'राओर्चेस्टिस बॉम्बेएन्सिस' हा झुडपी बेडूक. नावावरून तुम्ही त्याला मुंबईच्या आसपास शोधाल. ॲनानडेल यांनी १९१९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते कॅसल रॉकच्या नमुन्यांवरून, आणि कॅसल रॉक तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या उत्तर कॅनरा जिल्ह्यात, आजच्या गोवा-कर्नाटक सीमेवर. आपल्या भातखाचरांतल्या छोट्या बेडकांची गोष्ट आणखी बोलकी आहे. किती तरी दशकं त्यांना 'राना लिम्नोकॅरिस' म्हटलं जायचं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांतही तेच. हे नाव मुळात जावा बेटावरच्या बेडकाचं. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकाला ॲनानडेल यांनी १९१९ मध्येच 'सिहाड्रेन्सिस' असं वेगळं नाव देऊन ठेवलं होतं, पण ते त्याच जाव्याच्या प्रजातीची उपप्रजाती म्हणून, आणि मग ते मागे पडलं. आज आपल्याकडची ही सगळी मंडळी 'मिनर्वारिया' या जीनसमध्ये आहेत, आणि त्यातलीच एक, 'गोंयची', गोव्यातल्या सड्यांवरून, म्हणजे उघड्या कातळ पठारांवरून, याच दशकभरात पुढे आली. सड्यावर पावसाळ्यात पाय ठेवला की चार पावलांवर उडणारा बेडूक, आणि त्याला स्वतःचं नाव मिळायला इतका काळ लागला.

२०१५ मधला 'हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा' हाही असाच. त्याआधी तो 'मलबारिकस' या १८३८ च्या नावाखाली झाकलेला होता. पावसाळ्यात डबक्याकाठी एवढा मोठ्यानं ओरडणारा, इतक्या ठिकाणी पसरलेला, की नावातच 'बहुविस्तारा' घ्यावं लागलं. म्हणून कुणी मला म्हणालं, की नवीन बेडूक फक्त अगम्य जंगलात सापडतात, तर मला ते पटत नाही. आपल्या परड्यातल्या बेडकांकडे नीट बघायचंच राहून गेलं होतं.

कधी कधी खुंटीच हरवलेली असते. १९३७ मध्ये सी. आर. नारायण राव यांनी दक्षिणेतल्या अनेक बेडकांची वर्णनं छापली. काम मोठं, वेळेच्या फार पुढचं. पण त्यांचे टाइप नमुने पुढे बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून नाहीसे झाले. आता त्या नावांचा बेडूक कोणता, हे ठरवायला आपल्याकडे उरतात छापलेली काही वाक्यं, थोडी चित्रं आणि जागेचं नाव. त्या जागी पुन्हा जायचं, वर्णनाशी जुळणारा शोधायचा, आणि मगच पुढचं. २०१० मध्ये झुडपी बेडकांच्या एका जीनसला त्यांच्या स्मरणार्थ 'राओर्चेस्टिस' नाव दिलं गेलं, याचं मला फार समाधान आहे.

समजा, जुन्या नावांचा हिशेब लागला. आता तुमच्या विहिरीपाशी काय करावं लागेल ते सांगतो.

आम्ही संध्याकाळी सातच्या सुमारास येऊ. आधी दिवे बंद करून नुसतं ऐकू. इंडिरानाचा आवाज मोठा नसतो; पागोळ्यांच्या आवाजात तो सहज हरवतो. नर कुठून ओरडतोय, फटीतून की उघड्या चिऱ्यावरून, हे टिपायचं, मग आवाज रेकॉर्ड करायचा आणि त्याच क्षणी हवेचं तापमान लिहायचं. तापमान का? बेडूक थंड रक्ताचा प्राणी. हवा गरम झाली की त्याच्या आवाजातले ठोके जलद पडतात. वीस अंशांवर रेकॉर्ड केलेला एक आणि सव्वीस अंशांवरचा दुसरा यांची तुलना केली तर एकाच प्रजातीचे दोन नर वेगळे वाटतील. माझ्याकडे जुन्या काळच्या कितीतरी कॅसेट आहेत ज्यांच्यावर तारीख आहे, गाव आहे, तापमान नाही. आवाज स्वच्छ आहे, तरी ठोके मोजायच्या कामाला त्यांचा उपयोग करता येत नाही.

आवाजाला मी इतकं महत्त्व देतो कारण बेडकीण तेच करते. अंधारात, पावसात, पाच प्रकारचे नर ओरडत असताना ती आपल्याच प्रजातीच्या नराकडे जाते ती आवाजावरून. झुडपी बेडकांच्या बाबतीत हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. एका घाटात कारवीच्या दोन झुडपांवर, हाताच्या अंतरावर दोन नर बसलेले. दोघंही बोटाच्या पेराएवढे, दोघंही पिवळट तपकिरी, पाठीवर तशीच कंसासारखी खूण. एक तुटक 'टिक्, टिक्, टिक्' करत होता आणि दुसरा लांबवत 'ट्रीईं'. दिवसा बाटलीत बघितले असते तर मी दोघांना एकाच चिठ्ठीखाली ठेवलं असतं.

मग मोजमाप. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी, डोळ्याचा व्यास, कानाचा पडदा, मांडी, नडगी, बोटांच्या टोकांच्या चकत्या. सगळं व्हर्नियर कॅलिपरनं. मागच्या पायाच्या प्रत्येक बोटावर पडदा कुठल्या पेरापर्यंत येतो, त्याचं ठरलेल्या पद्धतीनं सूत्र लिहायचं. इंडिरानाच्या नराच्या मांडीवर आतल्या बाजूला चपट्या ग्रंथी असतात, त्यांची जागा आणि आकार बघायचा. रंगावर मात्र विसंबायचं नाही. एकाच ओढ्यातल्या एकाच प्रजातीत एक विटकरी, एक राखाडी, एकाच्या पाठीवर मधोमध पांढरी रेघ आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं सर्रास असतं. नवखा माणूस रंगाला भुलतो. तुमचा बेडूक पुस्तकातल्या चित्राशी जुळला नाही याचं कारण बहुधा एवढंच असेल.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. प्रजातीचं वर्णन करायचं तर थोडे बेडूक मारावे लागतात. आधी गुंगीचं औषध देऊन, त्यांना वेदना होणार नाहीत अशा पद्धतीनं, आणि गरजेपेक्षा एकही जास्त नाही. पहिल्यांदा हे केलं त्या रात्री मी जेवू शकलो नव्हतो, आणि आजही हात जड होतो. तरी मी ते करतो, कारण शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याला तपासायला खरा बेडूक हवा. नारायण रावांच्या हरवलेल्या नमुन्यांनी किती घोळ झाला, ते वर सांगितलंच. फोटोत कवटी दिसत नाही, जिभेखालचं दिसत नाही, आज सुचली नाही अशी कुठलीही तपासणी फोटोवर करता येत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी जिवंत बेडकाचे फोटो, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतात. हिरवा बेडूक काही दिवसांत निळसर होतो. मग यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तांदळाएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये. त्यानंतरच बेडूक फॉर्मेलिनमध्ये, आणि काही दिवसांनी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कायमचा. फॉर्मेलिन डीएनए खराब करतं, म्हणून तुकडा आधी. हे मी एकदा चुकवलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, एका सड्याच्या कडेच्या घळीत, रात्री दीड वाजता, भिजून काकडलेला असताना मी पाच बेडूक तुकडा न काढताच फॉर्मेलिनमध्ये टाकले. प्रयोगशाळेतून काहीच हाती लागलं नाही. म्हटलं, पुढच्या मिरगात परत जाऊ. गेलो तेव्हा घळ नव्हती. चिऱ्याची खाण सुरू झाली होती, आणि जिथं पाझर होता तिथं करवतीनं कापलेली सरळ, कोरडी, लाल भिंत उभी होती. ते पाच बेडूक माझ्याकडे अजून आहेत. ते कोण होते हे मला पुरतं सांगता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीत तारखेच्या आधी 'तुकडा' असा रकाना असतो.

डीएनएबद्दल लोकांच्या दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना वाटतं, डीएनए केला की यंत्र प्रजातीचं नाव छापून देतं. काही जुन्या मंडळींना त्याचा रागच येतो. बेडकांसाठी बहुतेक वेळा मायटोकॉन्ड्रियातल्या '१६एस' या जनुकाचा सुमारे पाचशे अक्षरांचा भाग वाचतात आणि इतर बेडकांच्या त्याच भागाशी ताडून बघतात. फरक तीन टक्क्यांच्या वर गेला तर 'इथे लक्ष द्या' असा ढोबळ संकेत आहे. तो कायदा नव्हे. दोन टक्के फरक असूनही आवाज, आकार, राहणी सगळं वेगळं असलेल्या जोड्या आहेत, आणि चार टक्के फरक असूनही मधल्या डोंगरांवरचे नमुने मिळाल्यावर ती दरी हळूहळू भरून आलेली उदाहरणंही आहेत. तुमच्या विहिरीच्या बाबतीत नेमकं हेच बघावं लागेल: आंबोलीपासून नेत्रावळीपर्यंत बेडूक पायरीपायरीनं बदलत जातो, की कुठे तरी एकदम तुटतो? एका विहिरीतल्या एका बेडकावरून हे कळणार नाही. मधल्या पट्ट्यातल्या आठ-दहा जागा लागतील. शिवाय ज्या जागतिक संग्रहाशी आपण अक्षरं ताडतो त्यातल्या कितीतरी नोंदींवर चुकीची नावं आहेत. 'बेडोमी' म्हणून ठेवलेला अक्षरांचा क्रम खऱ्या बेडोमीचा असेलच असं नाही. म्हणून मी फक्त असा अक्षरक्रम धरतो ज्याचा नमुना कुठल्या संग्रहालयात, कुठल्या क्रमांकानं ठेवलाय हे कळतं, आणि शक्यतो तो टाइप लोकॅलिटीचा असतो.

आकार, आवाज, डीएनए, राहणी, भूगोल. यातले निदान तीन धागे एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की मी लिहायला बसतो.

ते किती वेगवेगळ्या वाटांनी जुळतात याची दोन उदाहरणं देतो, कारण ती मला मनापासून आवडतात. पहिलं केरळातलं. २००३ मध्ये बिजू आणि बॉसाइट यांनी इडुक्की जिल्ह्यातून 'नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस' हा जांभळा, फुगीर, डुकरासारख्या नाकाचा बेडूक जगापुढे आणला. वर्षभर जमिनीत, विणीपुरता काही दिवस बाहेर. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले सेशेल्स बेटांवर, म्हणजे भारत आणि सेशेल्स एकाच भूभागाचे भाग होते त्या काळातलं हे नातं. त्यासाठी नवं कुलच, म्हणजे जीनसच्याही वरचा गट, करावं लागलं. आणि त्याच्या टॅडपोलचं वर्णन १९१८ मध्येच छापून झालेलं होतं! खडकाला तोंडानं चिकटून धारेत टिकणारं ते पिल्लू कुणाचं, हे ऐंशीहून जास्त वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथल्या लोकांना मात्र बेडूक माहीत होता. ते त्याला 'पाताळ तवळा' म्हणत.

दुसरं २०१७ मधलं. गर्ग आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या दक्षिण भागातून 'निक्टिबॅट्रॅकस', म्हणजे निशाचर बेडकांच्या सात नव्या प्रजाती मांडल्या. त्यातल्या चार इतक्या लहान, की पूर्ण वाढलेला नर बारा ते पंधरा मिलिमीटरच्या घरातला, नखावर मावणारा. आवाज किड्यांसारखा, राहायचं ओल्या पालापाचोळ्यात. बघणाऱ्यांनी पिल्लू समजून आणि ऐकणाऱ्यांनी रातकिडा समजून सोडून दिलेला बेडूक. याच जीनसचा आपल्याकडचा 'हुमायुनी' सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरात हुंबरळीला अभ्यासला गेला, आणि २०१६ मध्ये त्याच्या मीलनाची तोवर कुठल्याच बेडकात न नोंदलेली पद्धत छापून आली. नर मादीला मिठी मारत नाही. तिच्या पाठीवर स्वार होऊन हात पानावर टेकवतो. प्रजातीला नाव १९५५ मध्येच मिळालं होतं. नाव मिळालं म्हणजे बेडूक कळला असं नव्हे, हे हुमायुनीनं मला शिकवलं.

आता तुमच्या नावाच्या प्रश्नाकडे येतो. गावाचं नाव देता येतं, अगदी नियमात बसतं. जागेवरून नाव करायचं तर शेवटी बहुधा 'एन्सिस' लागतं. पुरुषाच्या सन्मानार्थ 'आय' किंवा आपण म्हणतो तसं 'ई', जसं पुण्याच्या प्राध्यापक घाटे यांच्या नावानं २०१३ मध्ये झालेलं 'राओर्चेस्टिस घाटेई'. स्त्रीच्या नावाला वेगळा प्रत्यय. लॅटिनच हवं असंही नाही. 'बहुविस्तारा', 'गोंयची' ही आपलीच नावं आहेत. पण नाव देण्याचा मान नियमानं वर्णन छापणाऱ्याला जातो, पाहणाऱ्याला नव्हे. माझं मत विचाराल तर ज्यांच्या परड्यात बेडूक सापडला, ज्यांनी तीन पावसाळे नोंदी ठेवल्या, त्यांना लेखकांत घ्यावं. मी तसं केलंय आणि करत राहीन.

छापण्याचे नियम कडक आहेत आणि असायला हवेत. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. होलोटाइप कोणता, तो कुठल्या संग्रहालयात ठेवला हे लिहिल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. फक्त ऑनलाइन छापलं तर २०१२ पासून 'झूबँक' या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचे नमुने ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करावे लागतात. बेडकांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण, ज्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंबईच्या बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) जुना संग्रहही तुलनेसाठी फार मोलाचा. वर्तमानपत्रातली बातमी किंवा समाजमाध्यमावरची पोस्ट यातलं काहीच भागवत नाही. आणि दोन नावं एकाच बेडकाची निघाली तर जुनं टिकतं, नवं बुडतं. म्हणून मी घाई करत नाही. बुडालेलं नाव पुढच्या प्रत्येकाला वाचावं लागतं, तपासावं लागतं.

तुम्ही आत्ता काय करायचं? बेडूक पकडून बाटलीत ठेवू नका. नमुने गोळा करायला परवानग्या लागतात, त्या आमच्यासारख्यांनी काढायच्या. तुम्ही फोटो आणि आवाज घ्या. फोटो चार बाजूंनी: वरून, बाजूनं, पोटाकडून मिळाला तर, आणि मागच्या पायाची पसरलेली बोटं. शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा. हात लावावाच लागला तर आधी पाण्यानं ओला करा. डासांचं मलम लावलेला हात तर मुळीच नको, बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. आवाज रोज पाच मिनिटं, शक्यतो एकाच वेळी, सोबत तापमान आणि पाऊस पडत होता की नाही. अंडी कुठे दिसली, पिल्लं किती दिवस भिंतीवर होती, त्यांना पुढचे पाय कधी फुटले, हे लिहून ठेवा. मुलांना सोबत घ्या. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात, आणि फटीतला बेडूक तेच आधी बघतात. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट घासून धुवून वाळवा, कारण बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड बुरशीचा रोग सह्याद्रीतही नोंदला गेलाय आणि तो चिखलातून फिरतो.

आंबोलीला जमेल तर एकदा जा, आगोटीच्या पहिल्या पावसात. 'झँथोफ्रायनी टायगरिना', म्हणजे आंबोली भेक, २००९ मध्ये मांडला गेला आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. कातळावरच्या वीतभर डबक्यात त्यांची वीण थोड्याच दिवसांत उरकते, आणि रस्ता ओलांडताना कितीतरी चिरडले जातात. ते बघितलंत की मी नोंदींसाठी इतका मागे का लागतो ते कळेल.

आणि बाई, एक तातडीचं. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायला येतो. पाणी शुद्ध राहिलंच पाहिजे, त्याला अडवू नका. फक्त पावडर बादलीत कालवून दोरीनं खाली सोडायला सांगा, वरून भिंतीवर उधळू नये. पिल्लं भिंतीवर आहेत.